पाहणाऱ्याचेही चित्र असावे

मा. पोलीस आयुक्त, हैदराबाद शहर, यांचे सेवेसी



सन २०२४ च्या डिसेंबरची बावीस तारीख आपल्या खात्याच्या दफ्तरी निराळ्या कारणासाठी नोंदलेली असेल, पण माझ्या लेखी त्या दिवसाचे महत्त्व असे की त्या दिवशी आपल्या खात्याने पत्रकारांसमोर सुमारे दहा मिनिटांची एक चित्रफीत दाखवली. आणि तीत, आमच्या चिक्कडपल्ली ठाण्याच्या हद्दीतील संध्या चित्रपटगृहापाशी त्याच महिन्याच्या चार तारखेच्या रात्री लोटलेली गर्दी, एका नटवर्यांचे आगमन आणि ज्या चेंगराचेंगरीत एका मातेचा प्राण गेला व तिचा लहानगा मुलगा गंभीर जखमी झाला तिचा सारा क्रम, रस्त्यावरचे कॅमेरे व वृत्तवाहिन्या यांच्याकडील दृश्यांचे तुकडे जोडून सिद्ध केलेला होता. त्या प्रकरणातील दोषादोषांचा निवाडा न्यायासनाने करावयाचा आहे आणि त्यात तोंड घालण्याची मला यत्किंचितही इच्छा नाही. मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. शेकडो तासांच्या दृश्यांतून काही वेचावयाची, बाकीची वगळावयाची, वेचलेल्यांना क्रम लावावयाचा, आणि मग तो क्रम प्रेक्षकांना बोलावून दाखवावयाचा, ही सगळी कृती चित्रपटकाराची आहे. आपल्या खात्याने त्या दिवशी, कदाचित त्याच्याही ध्यानी न येता, कलेच्या प्रांतात पाऊल टाकले. एकदा त्या प्रांतात आल्यावर तेथील रहिवाशांनी आपणांस उलट भेट द्यावयाची ठरवली, तर ती नाकारणे शिष्टाचारास धरून होणार नाही.

विनंती पुढे सविस्तर करीनच. पण पत्र लांबणार आहे, तेव्हा तिचा मथितार्थ आधीच सांगतो. ज्या दालनात बसून आपले अधिकारी हे शहर पाहतात, ते दालन छायाचित्रकारांना आणि चित्रपटकारांना पाहू द्यावे, आणि त्यांनी जे पाहिले त्याची चित्रे आम्हां नागरिकांना पाहू द्यावीत.

मी चिक्कडपल्लीत राहणारा एक मराठी माणूस. सुलतान बाजार, काचीगुडा आणि त्यांच्या आसमंतातील वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, ती बहुतांशी कचेऱ्यांच्या, शाळांच्या आणि पेढ्यांच्या आश्रयाने. त्यामुळे सरकार नावाच्या वस्तूविषयी आमच्या मनात भयापेक्षा परिचय अधिक आहे. निजामाच्या जुन्या राज्यात आपल्या पदाला कोतवाल म्हणत. १९२० पासून १९३४ पर्यंत राजाबहादूर व्यंकटराम रेड्डी यांनी ते पद भूषविले, आणि त्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या रेड्डी वसतिगृहामुळे त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्या कोतवालाचे डोळे म्हणजे त्याचे शिपाई, चौकीदार आणि मुखबीर. ते डोळे माणसांचे होते. ते रात्री पेंगत, ओळखीच्या माणसाकडे काणाडोळा करीत, आणि पाहिलेले बरेचसे विसरूनही जात. शिवाय, आणि हे मला अधिक मोलाचे वाटते, मोहल्ल्यातील पोरासोरांना मुखबीर कोण हे ठाऊक असे. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात निदान तोंडओळख होती.

आज ती उरलेली नाही. आंध्र प्रदेश अविभक्त असताना, २०१३ मध्ये, सार्वजनिक सुरक्षेचा जो कायदा झाला, त्याने शंभर वा अधिक माणसे एका वेळी जमणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर कॅमेरे बसवण्याची आणि दृश्ये तीस दिवस जपून ठेवण्याची जबाबदारी टाकली. पुढे ‘नेनु सैतम्’ या नावाची, तेलुगू वाचकाच्या मनात कवी श्रीश्रींची आठवण जागवणारी, योजना आली आणि गल्लीगल्लीतील रहिवाशांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून स्वतःवर नजर ठेवणारी यंत्रे विकत घेतली. क्रांतिकवीच्या शब्दांना असला जोडधंदा लागेल असे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. ४ ऑगस्ट २०२२ रोजी बंजारा हिल्सच्या बारा क्रमांकाच्या रस्त्यावर एकात्मिक नियंत्रण केंद्राच्या गगनचुंबी इमारतींचे उद्‌घाटन झाले. जगातील सर्वाधिक कॅमेरे असलेल्या नगरांच्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांत आपल्या शहराचे नाव वारंवार वरच्या रांगेत असते, आणि काही लोकांना याचा अभिमानही वाटतो. २०२१ च्या टाळेबंदीत भर रस्त्यात मुखपट्टी उतरवावयास लावून पोलिसांनी आपले छायाचित्र काढले, अशी कैफियत घेऊन एक सामाजिक कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले, आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या वैधतेचा प्रश्न २०२२ च्या आरंभी त्या न्यायालयापुढे आला. या यंत्रांचा लाभ होत नाही असे मी म्हणत नाही. हरवलेली मुले सापडतात, साखळीचोर पकडले जातात, अपघात करून पळालेल्या मोटारीचा माग लागतो. माझा मुद्दा निराळा आहे. आम्ही त्या यंत्रांना रोज दिसतो. ती यंत्रे आम्हांला खांबावर दिसतात. पण त्या यंत्रांमागे जो बसला आहे तो, त्याची खुर्ची, त्याचा पडदा, त्याची पाळी, त्याचा कंटाळा, यांतले काहीही आम्ही पाहिलेले नाही.

राज्यसंस्थेला स्वतःचे चित्र नको असते असे मात्र कोणी समजू नये. याच शहरात सहाव्या निजामाने लाला दीनदयाळ यांना १८९४ मध्ये ‘राजा’ हा किताब दिला, तो छायाचित्रणासाठीच दिला; राजवाडे, शिकारी, लष्करी कवायती, पाहुण्या व्हाइसरॉयांचे सत्कार हे सारे त्यांच्या काचेच्या पट्ट्यांवर उतरले आणि आसफजाही वैभवाची जी प्रतिमा आज जगभर ओळखली जाते ती पुष्कळ अंशी त्यांनीच घडवली. त्यांचा अधिकार मोठा, हात सिद्ध. पण कॅमेरा कोठे ठेवावयाचा हे दरबार ठरवीत असे. आजही उद्‌घाटनाच्या दिवशी नियंत्रण केंद्राची छायाचित्रे सगळ्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांत भिंतभर पडदे असतात आणि त्यांच्यापुढे मंत्रिमहोदय उभे असतात. दीनदयाळांची परंपरा अखंड चालू आहे, कसब तेवढे उणावले आहे.

याच्या उलट जाणारी एक परंपरा गेल्या काही दशकांत जगात निर्माण झाली आहे, आणि हे पत्र मुख्यतः तिच्या वतीने लिहिले आहे. तिचा सर्वांत गाजलेला प्रतिनिधी अमेरिकेतील ट्रेव्हर पॅग्लेन हा होय. हा गृहस्थ १९७४ चा जन्मलेला. शिक्षणाने भूगोलाचा पंडित, बर्कलीच्या विद्यापीठाची त्या विषयातील डॉक्टरेट मिळवलेला, आणि वृत्तीने छायाचित्रकार. नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकन लष्कराचे असे तळ आहेत की ज्यांच्या सभोवार कित्येक मैलांपर्यंत सामान्य माणसास पाऊल ठेवता येत नाही. पॅग्लेन कुंपण ओलांडीत नाही, कायदा मोडीत नाही. जेथवर जाण्याची मुभा आहे त्या डोंगरमाथ्यावर तो चढतो, आणि आकाशातील ग्रहताऱ्यांसाठी जी दुर्बीण वापरावयाची ती जमिनीला समांतर धरून वीस-पंचवीस मैलांवरच्या इमारतींचे चित्र घेतो. आता वाळवंटातील तापलेल्या हवेच्या एवढ्या जाड थरातून पाहिल्यावर दिसणार काय? विमानगृहाच्या भिंती मृगजळासारख्या थरथरतात, दिव्यांचे ठिपके रंगांच्या डागांत विरघळतात, आणि शेवटी जे हाती लागते ते छायाचित्र की एखाद्या प्रभाववादी चित्रकाराचा फलक असा संभ्रम पडतो. शत्रूच्या हेराला त्या चित्राचा कवडीचाही उपयोग नाही. मग ते काढले कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे त्या चित्राचा खरा विषय तो तळ मुळी नाहीच. नागरिक आणि त्याचे सरकार यांच्यामध्ये पसरलेले जे अंतर आहे, ते अंतर त्याने मोजले आहे आणि त्याला रंगरूप दिले आहे. चित्र अस्पष्ट आहे म्हणूनच ते खरे आहे.

याच पॅग्लेनने गुप्त उपग्रहांच्या वाटा, हौशी निरीक्षकांनी चिकाटीने जमवलेल्या नोंदींच्या आधारे, रात्रीच्या आकाशात टिपल्या. गुप्त पलटणींच्या गणवेशांवर शिवले जाणारे बिल्ले जमवून त्यांचे एक पुस्तकच त्याने २००७ मध्ये काढले. त्यांवर ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, लॅटिन ब्रीदवाक्ये आहेत. ज्या कामाचे नावसुद्धा घरच्या माणसांना सांगावयाचे नाही, त्या कामाचा बिल्ला मात्र छातीवर मिरवावयाचा, ही मनुष्यस्वभावाची गंमत मला कोणत्याही विनोदी नाटकापेक्षा सरस वाटते. आणि २०१४ मध्ये, ज्या संस्थेने सगळ्या जगाची दूरध्वनी-संभाषणे साठवल्याचे आरोप त्या सुमारास गाजत होते, त्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या मुख्यालयाचे रात्रीच्या वेळी हेलिकॉप्टरमधून चित्र घेऊन त्याने ते कोणालाही मोफत वापरता येईल असे जाहीर केले. कारण तोवर वर्तमानपत्रे त्या संस्थेनेच पुरवलेले तेच ते जुने चित्र छापीत आली होती. या चित्रात दिसते काय? विजेच्या दिव्यांत न्हालेली एक काचेची इमारत आणि मोटारी उभ्या करण्याचे भलेमोठे मैदान. पण ते पाहिल्यावर प्रथमच जाणवते की ‘यंत्रणा’ म्हणून आपण ज्या अमूर्त वस्तूला भितो, तिला छप्पर आहे, वीजबिल आहे आणि सकाळी कामावर येऊन संध्याकाळी घरी जाणारी हजारो माणसे आहेत.

आपण म्हणाल, राज्य चालवावयाचे तर काही गोष्टी झाकूनच ठेवाव्या लागतात. मान्य. कौटिल्याने गूढपुरुषांची प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली आणि शिवछत्रपतींच्या पदरी बहिर्जी नाईक होते, हे मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. उद्या कोणत्या घरावर छापा घालावयाचा आहे, कोणत्या साक्षीदाराला कोठे लपवले आहे, हे आज मला कळता कामा नये. मंत्रगुप्तीला विरोध करणारा माणूस एक तर भाबडा असतो किंवा चोर. परंतु मंत्र गुप्त ठेवणे निराळे आणि मंत्रगृहच अदृश्य करणे निराळे. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा परकीय सत्तेने केला, तो तिच्या गरजेपुरता होता असे धरून चालू. स्वतंत्र भारताने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, तरी तो जुना कायदा जागचा हलला नाही, आणि दोन्ही एकाच दफ्तरात शेजारीशेजारी नांदत आहेत. अशा घरात कारकुनाची प्रवृत्ती कोणीकडे झुकेल हे सांगावयास ज्योतिषी नको. न सांगितल्याबद्दल सहसा कोणाची चौकशी होत नाही. सांगितल्याबद्दल होऊ शकते.

झाकलेले उघडल्याने आकाश कोसळतेच असे नाही, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. बालानगर येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात उपग्रहांनी घेतलेली भूमीची चित्रे येतात, आणि उप्पलला भारतीय सर्वेक्षण खात्याचे विद्यालय आहे. त्या खात्याचे तपशीलवार नकाशे किती काळ कुलपात होते हे नकाशांच्या अभ्यासकांना विचारावे. २००५ मध्ये सरकारने खुली आणि संरक्षणविषयक अशा दोन मालिका केल्या. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतीय नागरिकांना व संस्थांना मोजणीची व नकाशे करण्याची बहुतेक बंधने उठवली. ज्या गोष्टीला काल राष्ट्राची सुरक्षितता म्हणत होतो तिलाच आज राष्ट्राची प्रगती म्हणू लागलो, आणि सीमा होत्या तेथेच राहिल्या.

आता परवानगीचा प्रश्न. कुंपणाबाहेरून चित्र घेणारा पॅग्लेन हा एक प्रकार झाला. पण दार ठोठावून, अर्ज करून, रीतसर आत जाणारेही कलावंत आहेत, आणि आपल्यापुढे मी मुख्यतः त्यांचा दाखला ठेवतो. टॅरिन सायमन या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी २००७ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यासाठी त्या वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून, एरवी कोणाला दिसत नाहीत अशा ठिकाणी परवान्याने गेल्या: अणुकचऱ्याचे साठवणघर त्यांना पाहता आले, गुप्तहेर संघटना सीआयएच्या मुख्यालयातील भिंतींवर टांगलेली अमूर्त चित्रेही पाहता आली. त्यांना ठाम नकार मिळाला तो डिस्ने कंपनीकडून. जगातील सर्वांत शक्तिशाली हेरखात्याला छायाचित्रकाराची भीती वाटली नाही आणि मिकी माऊसला वाटली, ही गोष्ट, आयुक्तसाहेब, कोणत्याही खात्याने आपल्या फलकावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मुंबईत शैना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या पुढाकाराने २००७ पासून ‘कॅम्प’ नावाचा एक कलावंतगट काम करीत आहे. २००८ मध्ये या मंडळींनी इंग्लंडातील मँचेस्टर शहरात एक असा प्रयोग केला की जो आपल्या केंद्रासाठी जणू नमुना म्हणून करून ठेवला असावा. तेथील एका प्रचंड बाजारसंकुलाच्या नियंत्रणकक्षात शेकडो कॅमेऱ्यांची दृश्ये येत. त्या कक्षात त्यांनी साध्यासुध्या लोकांना नेऊन बसवले. रोज त्या पडद्यांवर नकळत वावरणारी माणसे प्रथमच पडद्याच्या या बाजूला आली, तेथील कर्मचाऱ्यांशी बोलली, दृश्ये पाहू लागली. त्यात कोणाचे गुपित फुटले नाही. पुढे पूर्व जेरुसलेममध्ये त्यांनी काही पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर तसलेच, दुरून फिरवता येणारे कॅमेरे बसवले आणि त्यांची सूत्रे त्या कुटुंबांच्याच हाती दिली. घरातील म्हातारी माणसे आपल्याच गल्लीवर, आणि एके काळी आपल्या असलेल्या घरांवर, भिंग रोखून बोलत राहतात, आणि पाळत ठेवण्याचे यंत्र आठवण सांगण्याचे यंत्र होते. २०२२ मधील त्यांच्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ या कृतीत मध्य मुंबईतील एका उंच इमारतीवर बसवलेला एकच कॅमेरा आभाळापासून हळूहळू खाली उतरत उतरत टॉवरांवरून झोपड्यांच्या ताडपत्र्यांपर्यंत येतो. आपल्या खांबांवर आहे तीच जात त्या यंत्राची. त्या उतरणीत मुंबईची जी उतरंड दिसते ती शब्दांत सांगावयास मला एक कादंबरी लागली असती, आणि ती इतकी चांगली झालीही नसती.

याच गटाने, २०१० मध्ये फुटलेल्या राडिया ध्वनिफितींवरही कलाकृती केल्या आहेत. सरकारने चोरून ऐकलेली संभाषणे आधी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन गेली होती. कलावंतांनी ती नाटकाच्या संहितेसारखी पुन्हा उलगडली, तेव्हा सत्तेच्या आवाराची बोलीभाषा, तिच्यातील लाडीगोडी, तिच्यातील दम, हे सारे ऐकू येऊ लागले. बातमीने प्रश्न विचारला की कोण दोषी. कलाकृतीने विचारले की ही माणसे आपसांत अशी बोलतात तरी का. मला दुसरा प्रश्न अधिक टिकाऊ वाटतो.

दफ्तरांविषयीही लिहिले पाहिजे, कारण गुप्तता नेहमी पडद्यांत नि तारांतच राहते असे नाही. बहुधा ती फडक्यात बांधलेली असते. दयानिता सिंग यांनी २०१३ मध्ये ‘फाइल रूम’ हे छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात देशातील दफ्तरखान्यांची कृष्णधवल चित्रे आहेत: छताला भिडलेल्या मांडण्या, फडक्यात आवळलेली गाठोडी, त्यांच्या आडोशाला बसलेला एखादा अभिलेखपाल. एकही कागद वाचता येत नाही, आणि तरीही पाहणाऱ्याच्या छातीवर त्या कागदांचे ओझे येते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे ओझे परिचित आहे. ते दप्तर इंग्रज सरकारने कित्येक वर्षे मराठी इतिहाससंशोधकांना उघडले नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांची ती पत्रे, तेच दाराबाहेर. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, तेव्हा कोठे ती कोंडी फुटली.

ते परक्यांचे राज्य होते, अशी सोय तेथे आहे. ती सोय पुढच्या उदाहरणात नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती या संस्थानात हिंडली; कारवाईच्या वेळी आणि तिच्या पाठोपाठ सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा तिने अंदाज केला, आणि सर्वाधिक हानी उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत झाल्याचे नोंदवले. यांतले पहिले दोन जिल्हे आज महाराष्ट्रात आहेत, आणि उरलेल्या दोहोंतही मराठी बोलली जाते. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्याचा पाठ सर्वसामान्य वाचकांच्या हाती आला तो ए. जी. नूरानी यांच्या २०१३ च्या ग्रंथातून. आमच्या घरांत रझाकारांच्या जुलमाच्या कथा सांगितल्या जात, आणि त्या खऱ्याच होत्या. मुक्तिसंग्रामाचा अभिमान आम्हांला आहे आणि तो टाकण्याचे कारण नाही. पण त्या कथांच्या नंतरचे प्रकरण फडक्यात बांधलेले राहिले, आणि दोन पिढ्या त्यावाचूनच मोठ्या झाल्या. कोणाच्या सुरक्षिततेसाठी? १९४८ साली त्या मौनाला काही निमित्त असेलही. १९६८ साली, १९८८ साली, ते कोणते उरले होते? त्या गावांतील विहिरी, माळ, पडक्या वेशी यांची छायाचित्रे एखाद्या कलावंताने त्याच वेळी हिंडून काढली असती, तर अहवालाच्या गाठोड्याकडे तरी लोकांचे लक्ष गेले असते.

दडपलेल्या दफ्तरांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या मुसी नदीकडे येतो. मार्च २०२४ पासून आपल्या राज्यात दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणी अटका झाल्या, आणि फिर्यादीतील आरोप असा की सरकार बदलताच गुप्तवार्ता शाखेतील संगणकांच्या हार्ड डिस्क फोडून त्यांचे अवशेष नदीत टाकण्यात आले. आरोप शाबीत होतो की नाही हे न्यायालय पाहील. मी तो शाबीत धरीत नाही. परंतु ही कल्पना अशी आहे की कोणत्याही कलावंताने ती सुचवली असती तर भडक म्हणून आपण ती हसण्यावारी नेली असती. पूर्व जर्मनीत ‘श्टाझी’ नावाच्या गुप्त पोलिसांनी १९८९ च्या अखेरीस असाच उद्योग आरंभला होता. जानेवारी १९९० मध्ये बर्लिनचे नागरिक त्यांच्या मुख्यालयात शिरले आणि फाडकाम थांबले. हाती लागलेल्या फाटक्या कागदांची सुमारे सोळा हजार पोती झाली, आणि ते कपटे जुळवण्याचे काम पुढे दशकानुदशके चालले. सायमन मेनर या छायाचित्रकाराने त्या दफ्तरातील, खुद्द गुप्त पोलिसांनी काढलेली, चित्रे निवडून २०१३ मध्ये पुस्तक केले. खोट्या मिशा लावून वेषांतराचे धडे घेणारे हवालदार त्यात आहेत. संशयिताच्या घरी त्याच्या अपरोक्ष झडती घेण्याआधी काढलेली झटपट छायाचित्रेही आहेत, ती अशासाठी की झडतीनंतर उशी, पुस्तक, कपबशी बरोब्बर पहिल्या जागी ठेवता यावी. त्या विस्कटलेल्या बिछान्यांच्या चित्रांहून भयंकर चित्र मी पाहिलेले नाही, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

तेव्हा बीजिंगमध्ये राहणारे कलावंत आय वेईवेई यांची गोष्ट एका ओळीत सांगतो: घराभोवती सरकारचे कॅमेरे पुष्कळ झाले म्हणून २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या निजायच्या खोलीतही कॅमेरे लावून सगळे जगजाहीर प्रक्षेपित केले, आणि दोन दिवसांच्या आत सरकारी हुकमाने ते बंद करावे लागले.

आता अर्जाचे कलमवार स्वरूप, कारण कचेरीत मोघम अर्जाची काय गत होते हे आम्ही जाणतो. आपल्या नियंत्रण केंद्रात वर्षभराच्या मुदतीसाठी तीन-चार कलावंतांना प्रवेश द्यावा. त्यांची निवड आपल्या खात्याने न करता कलाशिक्षण देणाऱ्या विद्यापीठांनी करावी, नाही तर पुन्हा दीनदयाळांचा दरबार भरेल. चालू तपासाची दृश्ये त्यांच्यापासून खुशाल झाका, नागरिकांचे चेहरे त्यांच्या चित्रांत येऊ देऊ नका. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे आणि तो कलावंतांनाही बांधतो. पण पडद्यापुढे बसणारा शिपाई, त्याचे रात्रपाळीतले डोळे, चहाचा पेला, दृश्ये कधी व कोणाच्या हुकमाने पुसली जातात त्याची नोंदवही, नादुरुस्त कॅमेऱ्यांची यादी, हे सारे त्यांना दिसू द्यावे. सरकारी कॅमेरा कोठे कोठे आहे, त्याचा मालक कोण आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे खांबावरच तेलुगू, उर्दू व इंग्रजीत लिहावे. मराठीचा आग्रह मी धरीत नाही. डिसेंबर २०२४ च्या त्या चित्रफितीसारखी फीत पुन्हा कधी दाखवावयाची झाली, तर कोणत्या कॅमेऱ्यांची किती दृश्ये पाहिली आणि किती वगळली याचा तक्ता तिच्यासोबत द्यावा. चित्रपटकार आपले संकलक कोण ते श्रेयनामावलीत सांगतो, खात्याला तेवढे जड जाऊ नये.

सुरक्षेला धोका होईल, अशी टिप्पणी या अर्जावर कोठल्या तरी मेजावर पडणार हे मी गृहीत धरतो. टिप्पणी लिहिणाऱ्यास एवढेच विचारावे की धोका कोणता ते लिही. ज्या इमारतीचे छायाचित्र उद्‌घाटनाच्या दिवशी मुखपृष्ठावर येते, तिच्या आतील खुर्चीचे छायाचित्र शत्रूला काय सांगेल? आणि नकार द्यावयाचाच असेल तर तो लेखी व सकारण द्यावा. सायमनबाईंनी डिस्ने कंपनीचे नकारपत्र ग्रंथात छापले आहे, तसा आपल्या पत्राचाही उपयोग होऊ शकेल.

प्रदर्शनाच्या जागेविषयी एक सूचना. ते कोण्या पंचतारांकित हॉटेलच्या दालनात भरवू नये. चिक्कडपल्लीची सिटी सेंट्रल लायब्ररी आपणांस ठाऊक आहेच. पहाटेपासून तेथे स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतील मुले-मुली जागा धरून बसलेली असतात. त्यांच्यातीलच कित्येकजण उद्या पोलीस भरतीत उत्तीर्ण होऊन त्या पडद्यांपुढच्या खुर्च्यांवर बसतील. चित्रे तेथे लावावीत, पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर पुरेशी जागा होईल. प्रवेशाच्या अटी आणि अर्जाचा नमुना कळवल्यास तो योग्य त्या मंडळींपर्यंत पोचवण्याची तजवीज मी करीन.



आपला,
चिक्कडपल्लीतील एक मराठी रहिवासी